‘सर्व राष्ट्रे’ आणि आपला मुलूख: सुवार्तेच्या वाटचालीची पार्श्वभूमी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभू येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. उपासनेत हे वचन वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर जगाचा नकाशा येतो. मूळ ग्रीक शब्द ‘एथ्ने’ मात्र नकाशावरच्या सीमा सांगत नाही. एक बोली, एक रीतभात, आपसात सोयरीक असलेला समाज, असा त्याचा रोख आहे. त्या अर्थाने पाहिलं तर सांगली जिल्ह्यातच अनेक राष्ट्रं राहतात. जतच्या पूर्वेला घराघरात कानडी बोलतात. वडार वस्तीत तेलुगूच्या वळणाची बोली आहे, कैकाडी बोली तमिळशी नातं सांगते, बंजारा तांड्यावर गोरबोली आहे.

देवाची ही योजना नव्या करारात सुरू होत नाही. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्राहामाला वचन मिळतं ते पृथ्वीवरील सर्व कुळांसाठी. तिथला हिब्रू शब्द ‘मिश्पाहोत’, आणि मराठीतला ‘कुळे’ त्याला अगदी नेमका बसतो. स्तोत्र ६७ आणि यशया ४९:६ तोच धागा पुढे नेतात. मग प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये खरा पेच येतो: यहुदी नसलेल्या माणसाने आधी सुंता करून यहुदी व्हायचं आणि मग ख्रिस्ताकडे यायचं का? यरुशलेमेतल्या सभेने, इसवी सन ५०च्या सुमारास, नाही असं ठरवलं. सगळ्या सुवार्ता इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय आहे असं आम्हाला वाटतं. तो विसरला गेला तिथे तिथे काम अडलं. प्रकटीकरण ७:९ मध्ये सिंहासनापुढे उभा असलेला समुदाय राष्ट्र, वंश, लोक आणि भाषा या चारही नावांनी ओळखला जातो. तिथेही कुणाची भाषा पुसली गेलेली नाही.

महाराष्ट्रात ख्रिस्ताचं नाव गोऱ्या माणसाबरोबर आलं, हा समजही चुकीचा आहे. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो; अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीत. घाटावर मात्र कामाने मूळ धरलं ते १९व्या शतकात.

इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालात उतरला. तिथल्या श्रीरामपूरहून त्याने १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली मोडी लिपीत मराठी कोश आणि १८११ साली मराठी नवा करार काढला. वैजनाथ पंडितांची मोठी मदत त्यामागे होती. पण मराठी मुलखापासून इतक्या दूर घडलेली भाषा इथल्या कानाला उपरीच वाटणार. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या बेतात होतं. त्याच वर्षीच्या चार्टर कायद्याने वाट मोकळी झाली. नव्या कराराचं मुंबईत झालेलं भाषांतर १८२६ साली, तर संपूर्ण बायबल १८४७ साली मराठीत आलं. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं बायबल नव्याने उतरवलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच छपाईचे खिळे जुळवून ते छापलं.

साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं आणि १८४९ साली अमेरिकन मिशनचं ठाणं शहरात बसलं. तारखांची ही जवळीक लोकांच्या लक्षात राहणारच होती, आणि सुवार्तेला तिची किंमत मोजावी लागली. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. ते काम १८७० साली प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं आणि त्यातून १८८४ साली सांगलीचं ठाणं निघालं. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली आले. मिरजेचं त्यांचं रुग्णालय १८९४ साली उघडलं आणि त्याच दशकात तिथे डॉक्टरी शिक्षणही सुरू झालं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे लांब लांबून रोगी येत.

ठाण्याची रीत साधारण सगळीकडे सारखीच. एक बंगला, एक शाळा, दोन-तीन देशी उपदेशक. पावसाळ्यात शहरात शिकवणं, थंडीत बैलगाडीवर तंबू टाकून गावोगाव दौरा. बोलण्याची जागा म्हणजे आठवडी बाजार.

घोटाळा झाला तो बाप्तिस्म्यानंतर. बाप्तिस्मा घेतला की घर तुटे, पाणवठा बंद होई, बलुतं जाई. अशा माणसाला आसरा देणं भागच होतं, म्हणून मिशन कंपाउंडात खोली आणि मिशनचीच नोकरी. त्याचा जीव वाचला, पण भावकीचा दरवाजा बंद झाला आणि सुवार्ता त्या एका माणसापाशी थबकली. पगार बाहेरून येत असल्याने मंडळीला आपला पाळक आपण पोसायची सवयही लागली नाही. अमेरिकन मिशनच्या मूळ मंडळाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इथली कामं तपासायला आले होते. मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वतः सुवार्ता पसरवणारी हवी, हा त्यांचा आग्रह शंभर टक्के बरोबर होता. दमोहमध्ये १८९७ साली जन्मलेले मिशनरी अभ्यासक डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९५५ साली हीच गाठ नेमकी दाखवली: माणूस आपल्या नातलगांसह येतो तेव्हा सुवार्ता पुढे वाहते, एकेकटा उपटला की आटते.

दुसरी अडचण चालीची. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ तुटतं, आणि गाणाऱ्यालाच अर्थ लागत नाही. अभंगाचं तसं नाही. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. ही घडण इथल्या माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेली असते. टाळ हाती आला की निरक्षर म्हातारीसुद्धा दुसऱ्या आवर्तनाला साथ धरते. नारायण वामन टिळकांनी हे ओळखलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. १८९५ साली बाप्तिस्मा, १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकाच दरबारात बसावेत, ही कल्पना. यरुशलेमेच्या सभेनंतर जवळजवळ एकोणीसशे वर्षांनी साताऱ्यात तोच प्रश्न उभा राहिला होता. टिळक १९१९ साली गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. ज्या कामाची सगळी मदार एका माणसावर असते, त्याचं असंच होतं. भजनं मात्र आजही मंडळीच्या तोंडी आहेत.

याच मुलखातून वाट उलटीही गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. १८८६ साली अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथे शंभर विद्यार्थी परदेशी सेवेला तयार झाले, त्यामागे या रॉबर्टची आणि त्याची बहीण ग्रेस हिची प्रार्थना होती. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीतून पुढे वीस हजारांवर तरुण जगभर गेले. इकडे १९०५ साली नाताळच्या दिवशी बंगालातल्या त्याच श्रीरामपुरात नॅशनल मिशनरी सोसायटी उभी राहिली, भारतीय माणसांची, भारतीय पैशावर.

आता काम हाती घेणाऱ्या मंडळीने पहिल्यांदा एका बाजाराच्या दिवशी वही घेऊन बसावं. कोणकोणते समाज येतात, घरात कोणती बोली बोलतात, त्या बोलीत शास्त्राचा कोणता भाग उपलब्ध आहे, हे तीन रकाने. बाजारात सगळेच मराठी बोलतात, म्हणून मराठी पुरेल असं वाटतं. पण रडायची आणि प्रार्थना करायची भाषा वेगळी असते. गोरबोलीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे: ती महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कानडी लिपीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत लिहितात. म्हणून तांड्यावर छापील पुस्तकाआधी ध्वनिमुद्रण न्यावं, आणि त्यातला आवाज जवळच्याच तांड्यावरच्या माणसाचा असावा.