मोटरचे किलोवॉट नेमके कोणते: कंटिन्युअस की पीक?

पेट्रोलवर चालणारी जुनी मारुती ८०० किंवा तशीच एखादी छोटी गाडी घरच्या घरी विजेवर आणण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांचा पहिला हिशेब जवळजवळ ठरलेला असतो. इंजिन ३७ अश्वशक्तीचे आहे, एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून साडेसत्तावीस किलोवॉटची मोटर हवी, असा तो हिशेब असतो. गुणाकार बरोबर असला तरी निष्कर्ष चुकतो. मग बाजारात एका विक्रेत्याकडे ५ किलोवॉटची आणि दुसऱ्याकडे १५ किलोवॉटची मोटर दिसते, दोन्हींचा आकार, वजन आणि किंमत जवळपास सारखीच असते, आणि ग्राहक साहजिकच १५ वाली उचलतो. पुष्कळदा ती एकच मोटर असते. एकाने तिची कंटिन्युअस, म्हणजे सतत देता येणारी, शक्ती लिहिलेली असते आणि दुसऱ्याने पीक, म्हणजे थोडाच वेळ मिळणारी. हा गोंधळ इतक्या वेळा वाचला आणि ऐकला आहे की तो एकदा नीट सोडवून मांडणे भाग आहे.

इंजिनाबद्दल वाचकाला फार सांगण्याची गरज नाही. कॅटलॉगमधली ३७ अश्वशक्ती ही मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपास मिळते, ५९ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, २५०० फेऱ्यांना मिळतो, आणि त्याखाली क्लच सांभाळावा लागतो. लक्षात ठेवायचे ते इतकेच की इंजिनाचा हा आकडा त्याच्या ताकदीची कमाल मर्यादा असतो. सिलिंडरमध्ये जेवढी हवा शिरते तेवढेच पेट्रोल जळते, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन त्या आकड्यापलीकडे जात नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा फार तर पाव ते एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो आणि उरलेली बहुतेक उष्णता सायलेन्सरमधून व रेडिएटरमधून सतत बाहेर फेकली जाते. म्हणून रेडिएटर ठीक असेल तर इंजिन त्याची बरीचशी ताकद तासन्‌तास देऊ शकते. इंजिनाला दोन आकडे नसतात, आणि आपल्याला सवय झालेली आहे ती या एकाच आकड्याची.

विजेच्या मोटरला असा आपोआप थांबवणारा हवेचा अडसर नाही. तिला जितका करंट द्यावा तितका टॉर्क ती देते, अगदी शून्य फेऱ्यांपासून. तिला अडवते ती उष्णता. टॉर्क करंटच्या प्रमाणात वाढतो, परंतु तांब्याच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांत, निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टॉर्क दुप्पट घेतला तर वाइंडिंग चौपट तापते, तिप्पट घेतला तर नऊपट. चांगली मोटर ९० टक्के कार्यक्षम असते हे खरे, पण १० किलोवॉट देत असताना तिच्या पोटात साधारण १ किलोवॉट उष्णता तयार होत असते, म्हणजे घरातली इस्त्री पूर्ण तापमानावर ठेवून एका बंद डब्यात कोंडल्यासारखे होते. मोटरला सायलेन्सर नाही. ही सगळी उष्णता तिच्या लोखंडी अंगातून, पंख्याच्या वाऱ्याने किंवा कूलंटच्या पाण्यानेच बाहेर जाऊ शकते.

कंटिन्युअस शक्ती म्हणजे तयार होणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ ज्या पातळीवर बसतो ती पातळी. त्या शक्तीवर मोटर कितीही वेळ चालवली तरी वाइंडिंगचे तापमान एका ठिकाणी स्थिरावते. पीक शक्ती म्हणजे त्या मेळापलीकडे जाऊन, मोटरच्या अंगात उष्णता साठेपर्यंत काही सेकंद किंवा फार तर एखादे मिनिट मिळणारी शक्ती. ज्या पीक आकड्याशेजारी वेळ लिहिलेली नाही तो आकडा माझ्या मते निरुपयोगी आहे, आणि तरीही जाहिरातींत ठळक अक्षरांत तोच छापला जातो याची मला मनापासून चीड आहे. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही: विहिरीवरचा ५ एचपीचा पंप रात्रभर उसाला पाणी देतो, कारण त्या मोटरच्या नेमप्लेटवरचा आकडा कंटिन्युअस असतो. औद्योगिक मोटरच्या नेमप्लेटवर ड्यूटीच्या रकान्यात एस१ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ हाच. एस२ आणि पुढे मिनिटे लिहिली असतील तर तेवढी मिनिटेच. विजेच्या गाड्यांसाठी आपल्याकडे एआयएस-०४१ हे मानक आहे, आणि त्यात नेट शक्तीबरोबरच ३० मिनिटे टिकणारी कमाल शक्ती मोजण्याची पद्धत दिलेली आहे. विक्रेत्याकडे मागायचा आकडा हा.

आता प्रत्यक्ष गाडी घेऊ. इंजिन, पेट्रोलची टाकी आणि सायलेन्सर काढून मोटर, तिला जाणारा करंट ठरवणारा कंट्रोलर व बॅटरी बसवली, आणि दोन-तीन माणसे आत बसली, की छोटी गाडी ९०० किलोच्या आसपास जाते. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने तिला धावते ठेवायला मोटरच्या शाफ्टवर फक्त ४ किलोवॉटच्या आसपास शक्ती लागते. साडेसत्तावीस किलोवॉटचा हिशेब करणाऱ्याला हा आकडा पटत नाही, परंतु इंजिनाची पूर्ण ताकद सपाट रस्त्यावर कधी लागतच नव्हती. ती लागत होती एसटीला ओव्हरटेक करताना, तेही काही सेकंदांपुरती. ते काम पीक शक्तीचे आहे, आणि २० किलोवॉटचे पीक त्याला पुरते.

मोटरची परीक्षा होते ती घाटात. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट घ्या. सुमारे १२ किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे ते सहाशे मीटर वर चढते. ताशी ४० ने चढायचे म्हटले तर अठरा मिनिटे लागतात, आणि त्या अठराही मिनिटांत शाफ्टवर सरासरी सात किलोवॉटहून थोडी अधिक शक्ती सतत लागते. नागमोडी वळणांवर ती आणखी वाढते. इथे पीक शक्तीचा काहीही उपयोग नाही, कारण पीकची मुदत पहिल्या दोन-तीन वळणांतच संपलेली असते. ५ किलोवॉट कंटिन्युअसची मोटर, तिच्यावर १५ लिहिलेले असले तरी, या चढावर तापत जाते. कंट्रोलर चांगला असेल तर तो करंट कमी करतो आणि गाडी रांगू लागते, कंट्रोलर साधा असेल तर वाइंडिंगचे इन्सुलेशन भाजते किंवा रोटरमधील, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातील, चुंबकांची ताकद कायमची घटते. यातील कुठलीच गोष्ट घराजवळच्या चाचणीत दिसत नाही, आणि म्हणूनच आकड्यांचा गोंधळ इतका टिकून राहतो.

याच घाटातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. विजेच्या गाडीला गिअर लागत नाहीत हे कंपनीने मुळापासून विजेसाठी बनवलेल्या गाडीबद्दल खरे आहे. घरी बदललेल्या छोट्या गाडीत मूळ गिअरबॉक्स ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ताशी ४० ला तिसऱ्या गिअरमध्ये मोटर साधारण २४०० फेरे फिरते आणि सात किलोवॉटसाठी तिला २८ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये ती ३९०० च्या आसपास फिरते आणि तीच शक्ती साडेसतरा न्यूटन-मीटरमध्ये मिळते. शक्ती तीच, वेग तोच, पण करंट कमी झाल्याने वाइंडिंगमधील उष्णता निम्म्याहूनही खाली येते, आणि शाफ्टवरच पंखा असेल तर वाराही वाढतो. ३००० फेऱ्यांना ५ किलोवॉट देणाऱ्या मोटरचा कंटिन्युअस टॉर्क १६ न्यूटन-मीटर असतो. म्हणजे तीच मोटर तिसऱ्या गिअरमध्ये तिप्पट तापते आणि दुसऱ्यात मर्यादेच्या जरासेच वर राहते. मोटर हळू फिरली की तिला आराम मिळतो ही इंजिनावरून आलेली समजूत इथे सोडून द्यावी लागते. तरीही घाटाच्या मुलखात राहणाऱ्याने अशा गाडीसाठी १० किलोवॉट कंटिन्युअसच्या खाली जाऊ नये, आणि शक्य असेल तर पाण्याने थंड होणारी मोटर घ्यावी.

पीकचा आकडा एकट्या मोटरच्या हातात नसतो, हेही इथेच सांगितले पाहिजे. ७२ व्होल्टच्या बॅटरीतून २० किलोवॉट काढायचे तर २७५ अँपिअरहून अधिक करंट लागतो. बॅटरीचा बीएमएस, म्हणजे बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट, १०० अँपिअरवर करंट तोडणारा असेल तर मोटरवर काहीही लिहिलेले असो, मिळणार सात किलोवॉटच. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी या तिघांत जो सर्वांत कमी करंट सोसतो, गाडीचे पीक त्याचे.

बाकीच्या गोंधळांना फारशी जागा देण्याचे कारण नाही. किलोवॉट हा शक्तीचा आकडा आणि किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे युनिट. बॅटरी युनिटमध्ये मोजायची, मोटर किलोवॉटमध्ये. मोटर चुंबकांची बीएलडीसी घ्यावी की बिनचुंबकाची इंडक्शन, हा वाद या प्रश्नापुढे दुय्यम आहे, कारण कंटिन्युअस आणि पीक यांतला फरक दोघींनाही तितकाच लागू आहे. कायद्याची बाजू मात्र मोटर घेण्याआधी पाहावी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल मनाप्रमाणे करता येत नाही, रस्त्यावर आणायची असेल तर किट मान्यताप्राप्त संस्थेने, उदाहरणार्थ वाहनांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयने, मंजूर केलेले असावे लागते आणि आरसी बुकावरचे इंधन आरटीओकडून बदलून घ्यावे लागते.

विक्रेत्याला विचारताना किती किलोवॉट एवढेच विचारू नये. किती किलोवॉट, किती मिनिटे, किती व्होल्टला, किती फेऱ्यांना आणि कुठल्या कूलिंगसह, हे लेखी मागावे. पाचांपैकी एकाचेही उत्तर टाळले गेले तर ती मोटर घेऊ नये. आणि वाइंडिंगच्या आत बसवलेला तापमानाचा सेन्सर कंट्रोलरला जोडलेला आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी स्वतः वायर पाहून खात्री करून घ्यावे, कारण मोटरच्या बाहेरच्या अंगाला हात लावून आतल्या तांब्याचे तापमान कळत नाही.