टीव्ही बंद करणं वेगळं, जाहिरात बंद पाडणं वेगळं

मालिकेत काही खटकलं की 'बहिष्कार टाका'च्या पोस्ट फिरू लागतात. पण करायचं काय? आपण बघणं सोडायचं, की तिथे जाहिरात देणाऱ्या कंपनीला जाब विचारायचा? दोन्हींना आपण सर्रास एकच नाव देतो.

बघणं सोडण्याचा हिशोब टीआरपीत होतो, आणि मेख तिथेच आहे. भारतात टीआरपी मोजते 'बार्क' ही संस्था. 2020 च्या सुमारास देशात 20 कोटींच्या आसपास घरांत टीव्ही होता आणि बार्कची मीटरं जेमतेम 44 हजार घरांत. चॅनलच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती हे मीटर टिपतं. त्याच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. तुमच्याकडे मीटर नसेल, तर तुम्ही रागाने टीव्ही बंद करा नाहीतर चहा पीत तीच मालिका बघा, आकडा जागचा हलत नाही. प्रेक्षक मोठ्या संख्येने पांगले, तरच मीटरच्या घरांतही ते दिसतं. आणि 'बघू तरी काय एवढं वाईट दाखवलंय' म्हणत त्या घरांनी चॅनल लावलं, तर आकडा चढतोच.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. 1989 मध्ये मिशिगनच्या टेरी राकोल्टा यांनी फॉक्सवरच्या 'मॅरीड विथ चिल्ड्रन' या विनोदी मालिकेविरुद्ध जाहिरातदारांना पत्रं लिहिली. काही कंपन्यांनी जाहिराती काढल्या, पण बातम्यांमुळे प्रेक्षक वाढले आणि मालिका 1997 पर्यंत चालली.

2017 मध्ये उलटं घडलं. बिल ओ'रायली यांचा फॉक्स न्यूजवरचा कार्यक्रम अमेरिकी केबल बातम्यांत सर्वाधिक बघितला जाणारा. त्यांच्याविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारी मिटवायला पाच महिलांना मिळून सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर दिल्याची बातमी एप्रिलच्या सुरुवातीला आली, 50 हून अधिक जाहिरातदार निघून गेले आणि तीन आठवड्यांच्या आत ओ'रायलींना चॅनल सोडावं लागलं. प्रेक्षकांनी काही पाठ फिरवली नव्हती.

कारण चॅनल विकतं ते दहा-दहा सेकंद, आणि गिऱ्हाईक आपण नसून जाहिरातदार असतो. ऑक्टोबर 2020 मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी तीन वृत्तवाहिन्या काळ्या यादीत टाकल्याचं सांगितलं, तेव्हा टीआरपीची वाट बघावी लागली नाही. अर्थात, एकट्या कंपनीने भागत नाही. सोडलेला वेळ घ्यायला दुसरा ब्रँड टपलेलाच असतो.