'मेक' म्हणजे बनवणे? अर्धंच खरं आहे

इंग्रजीच्या क्लासात वर्षानुवर्षं एक नियम घोकून घेतला जातो: काही नवीन तयार झालं तर 'मेक', नुसतं काम उरकलं तर 'डू'. चहा, केक, खुर्ची इथपर्यंत तो चालतो. मग सकाळी उठल्यावर 'मेक द बेड' म्हणायची वेळ येते. तिथे सुतारकाम कुणीच करत नाही, चादर झटकून अंथरूण नीट करतात, एवढंच. निबंधात पानभर नवा मजकूर तयार होतो, तरी गृहपाठ 'डू'च. फोन 'मेक', भांडी 'डू'. चूकही 'मेक'च, आता ती नव्याने तयार होते असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

खरं कारण सवयीचं आहे. कोणतं नाम कोणत्या क्रियापदाशी बसतं हे वापराने ठरतं, तर्क नंतर चिकटवला जातो. जर्मनमधलं 'माखेन' हे 'मेक'चंच भावंड, पण तिथे गृहपाठालाही तेच चालतं. इंग्रजीतही एकमत नाही: निर्णय अमेरिकेत 'मेक' करतात, ब्रिटनमध्ये 'टेक'ही चालतं. त्यामुळे 'टेक अ डिसिजन'वर लाल रेघ मारणाऱ्यांनी जरा थांबावं.

आपलंच बघा ना. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, मिठी मारतो. लागत कुणालाच नाही. कुकर 'लावतो', पोळ्या 'लाटतो', परीक्षा 'देतो'. यातलं काही नियम पाठ करून आलेलं नाही. म्हणून वहीत सुटं 'मेक' लिहू नका, 'मेक अ मिस्टेक' असं जोडीनेच लिहा.