वार्षिक दान-आवाहन (खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या)

पाळकांचे मानधन, मंदिराची डागडुजी, संडे स्कूल आणि गरजूंना मदत अशा वर्षभराच्या खर्चासाठी मंडळीच्या सभासदांकडे दान मागणारे पत्र. ते उपासनेत वाचून दाखवतात व पाकिटासह घरोघरी पोचवतात. आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्याची सांगड बहुधा कापणीच्या सणाशी असते.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत ती इंग्लंडमधून आल्याचे मानते : कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टोचे धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ मध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीला नवे रूप दिले आणि ते इतरत्र पसरले. मात्र खानदेशात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, प्रभाव बेताचाच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भुसावळ-जळगाव-चाळीसगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर पुढे पश्चिम खानदेशात फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये स्थापलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या बिगर-अँग्लिकन मिशनरी संस्था येथे काम करीत होत्या. दुसरे मत इंग्लंडमधील हेन्री व्हेन व अमेरिकेतील रूफस अँडरसन या मिशनरी संस्थांच्या सचिवांच्या स्वावलंबी मंडळीच्या धोरणाकडे बोट दाखवते. अँडरसन १८५४-५५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या पाहणीसाठी आले होते. पाळकाचा भार मंडळीनेच उचलावा, हा त्यांचा आग्रह होता. तिसरे मत स्थानिक आहे : भिल्ल, मावची, कोकणी या आदिवासी समाजांत नवे धान्य देवाला दाखवल्यावाचून खात नाहीत, आणि बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातील प्रथमउपजाचा (पहिले पीक देवाला अर्पण करण्याचा) विधी या रीतीला सहज जुळला. पत्राचे मूळ दुसऱ्या मतात आणि अर्पणाच्या टोपलीतल्या धान्याचे तिसऱ्यात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

परिणामकारक पत्राचा आरंभ मागणीने होत नाही, गेल्या वर्षीच्या हिशेबाने होतो. ‘छपरावरचे फुटके पत्रे बदलले, पावसाळ्यात एकही उपासना चुकली नाही, यंदा विहिरीवरची मोटार दुरुस्त करायची आहे’ अशी दोन वाक्ये पानभर उपदेशाहून जास्त काम करतात. बायबलमधील मलाखी ३:१० चा दशमांशाचा (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा) आदेश जवळपास प्रत्येक पत्रात असतो. जुने पंच मात्र २ करिंथ ९:७ पसंत करतात, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो असे तेथे म्हटले आहे. ज्याच्या कपाशीवर बोंडअळी पडली, त्याला दशमांशाचा हिशेब ऐकवणे अवघड जाते. रोख नसेल त्याने ज्वारी, शेंगा, मिरची, कोंबडी आणावी, असे पत्रात स्पष्ट लिहिलेले बरे. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. एकच भोपळा विकत घेऊन पुन्हा अर्पण केला जातो, पुन्हा बोली लागते, आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट रक्कम पेटीत पडते. देणाऱ्यांची नावे व रकमा भिंतीवर लावण्याची रीत काही ठिकाणी आहे. बायबलमधील गरीब विधवेच्या दोन टोल्यांचा (क्षुल्लक नाण्यांचा) दाखला देणाऱ्या मंडळीला ती शोभत नाही.

वेळ हा नाजूक मुद्दा. विश्वस्त संस्थेचे हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून कारभारी फेब्रुवारी-मार्चमध्ये पत्र काढू पाहतात. पण दिवाळीनंतर नंदुरबार, नवापूर, साक्री भागांतली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात आणि उन्हाळ्यातच परततात. पत्र बंद दाराच्या फटीत अडकून राहते. कापूस व ज्वारी घरात येण्याचा काळ, म्हणजे दसऱ्यापासून नाताळपर्यंतचा, सर्वांत फलदायी ठरतो. पत्र मराठीत असले तरी व्यासपीठावरून सांगताना अहिराणी किंवा मावची वापरतात.

कायद्याच्या दोन बाबी मजकुरावर परिणाम करतात. एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्याच हितासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीला देणगीदाराला मिळणारी आयकराची सवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) लागू होत नाही. तेव्हा ‘करमाफी मिळेल’ असे लिहू नये. विदेशी अंशदान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले, आणि मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या अशा मदतीवर टेकलेल्या लहान मंडळ्यांना सभासदांच्या पाकिटांवरच भिस्त ठेवावी लागते.