‘वर्स्ट जर्नी’ म्हणजे स्कॉटचा ध्रुवप्रवास नव्हे

स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी असलेल्या अ‍ॅप्स्ली चेरी-गॅरर्ड यांचं ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ 1922 साली आलं. पुस्तकाचं नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेलं असतं, आणि ‘जगातला सर्वांत भयंकर प्रवास’ म्हटलं की ब्रिटिश नौदल अधिकारी रॉबर्ट स्कॉटची दक्षिण ध्रुवाची मोहीम, असं बहुतेकजण धरून चालतात. अगदी पुस्तक-परिचयांतही हे पुन्हा पुन्हा दिसतं. हे चूक आहे. शीर्षकातला प्रवास ध्रुवाकडे गेलाच नाही.

ध्रुवप्रवास सर्वांना माहीत आहे, तो चार ओळींत उरकतो. 1 नोव्हेंबर 1911ला निघाले, स्कॉटसह पाचजण 17 जानेवारी 1912ला पोहोचले. नॉर्वेचा अमुंडसेन 14 डिसेंबरलाच तिथे येऊन गेला होता. परतताना पाचही जण गेले. चेरी-गॅरर्ड त्या पाचांत नव्हता. बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्यावरून डिसेंबरातच त्याला माघारी पाठवलं होतं.

शीर्षकातला प्रवास त्याआधीचा, 27 जून ते 1 ऑगस्ट 1911चा. माणसं तीन: मोहिमेतलेच विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड. काम एम्परर पेंग्विनची अंडी आणण्याचं. केप इव्हान्सच्या तळावरून केप क्रोझियर, जायचं अंतर 67 मैल. एवढंसं अंतर ‘सर्वांत भयंकर’ कसं, असं आकडे पाहून वाटतं, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. जून-जुलै हा अंटार्क्टिकातला ऐन हिवाळा. सूर्य उगवतच नाही. स्कॉट ध्रुवाकडे गेला तो उन्हाळ्यात, चोवीस तास उजेड असताना. एम्परर पेंग्विन अंडी घालतात ती मात्र हिवाळ्याच्या काळोखात, म्हणून अंडी हवी असतील तर जायचं तेही तेव्हाच.

दोन स्लेजवर (बर्फावर ओढायच्या घसरगाड्यांवर) मिळून 757 पौंड ओझं होतं. कडाक्याच्या थंडीत स्लेजच्या पट्ट्यांखाली बर्फ वितळत नाही, वाळूसारखं घासतं. दोन्ही स्लेज एकदम ओढवेनात. मग एक पुढे न्यायची, मागे यायचं, दुसरी आणायची: एक मैल पुढे सरकायला तीन मैल चाल, आणि मागची पावलं शोधायला हातात मेणबत्ती. काही दिवस दीड मैलाच्या वर सरकलेच नाहीत. जायलाच 19 दिवस लागले. तापमान उणे 77.5 फॅरनहाइट, म्हणजे जवळपास उणे 61 सेल्सिअसपर्यंत उतरलं. घाम आणि श्वासातली वाफ कपड्यांत, झोपायच्या पिशवीत गोठून राही; पिशव्या रोज जड होत गेल्या, आत शिरायचं तर गोठलेलं कातडं आधी अंगाच्या उबेनं मऊ करावं लागे. एकदा तंबूबाहेर येऊन चेरी-गॅरर्डने मान वर केली, तर पंधरा सेकंदांत कपडे तसेच गोठले. पुढचे चार तास मान वर करूनच स्लेज ओढली. दात इतके वाजत की तडकले.

क्रोझियरला पाच अंडी मिळाली, त्यातली दोन फुटली. मग वादळाने तंबू उडवला आणि तिथे बांधलेल्या दगडी निवाऱ्याचं कापडी छत फाडून नेलं. तिघे पिशव्यांत पडून राहिले. तंबू अर्ध्या मैलावर सापडला म्हणून जगले, नाहीतर स्कॉटच्या आधीच ही गोष्ट संपली असती.

‘तीन अंड्यांसाठी एवढा अट्टहास?’ हा शेरा मला अजिबात पटत नाही. एम्परर हा सर्वांत आदिम पक्षी आहे आणि त्याच्या गर्भात खवल्यांपासून पिसांपर्यंतचा दुवा दिसेल, हा त्या काळचा गंभीर शास्त्रीय अंदाज होता. 1934 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात फारसं नवं हाती लागलं नाही असं निघालं, पण तोवर तो सिद्धान्तच मागे पडला होता. अंदाज चुकला म्हणून तपासणी वेडेपणाची ठरत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 1913 साली अंडी द्यायला गेलेल्या चेरी-गॅरर्डला पावतीसाठी ताटकळत ठेवलं, तो प्रसंग त्याने पुस्तकात लिहिला आहे. अवश्य वाचा.

गोंधळाला पुस्तकाची बांधणीही कारणीभूत आहे. हा हिवाळी प्रवास फक्त सातव्या प्रकरणात आहे. बाकीचं पुस्तक स्कॉटच्या अख्ख्या अंटार्क्टिका मोहिमेचं (तिलाच ‘टेरा नोव्हा’ म्हणतात) आहे आणि ध्रुवप्रवासाला त्यात सहा प्रकरणं मिळतात. त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला शीर्षक ध्रुवाचंच वाटतं. शिवाय विल्सन आणि बॉवर्स दोन्ही प्रवासांत आहेत. हिवाळ्यातून तिघे जिवंत आले, आठ महिन्यांत त्यातले दोघे स्कॉटच्या तंबूत मेले, आणि नोव्हेंबर 1912मध्ये तो तंबू शोधून काढणाऱ्या तुकडीत तिसरा होता. ही गाठ लक्षात घेतली तरच पुस्तकाचा सूर कळतो.

स्कॉटची रोजनिशी 1913 साली छापली गेली, ते पुस्तक निराळं. त्यात फार अडकायला नको. वेळ कमी असेल तर आधी सातवं प्रकरण, मग शेवटचं एकोणिसावं. ध्रुवाची प्रकरणं त्यानंतर.