कंबरेतला 'गॅप' आला कुठून?

आपल्याकडे कुणाचा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत चमकायला लागला की निदान दारातच होतं, "गॅप आलाय बघ मणक्यात". निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई असो नाहीतर बेळगावच्या वडगावातला पॉवरलूमवाला, शब्द एकच, आणि शेजारचे कन्नडवालेही "ग्याप आगेति" म्हणूनच मोकळे होतात.

आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणायचे, गिधाडासारखी चाल होते म्हणून. युरोपात 1764 मध्ये नेपल्सच्या एका डॉक्टरने हे खुब्याच्या सांध्याचं नाही, नसेचं दुखणं आहे असं वेगळं काढलं. पण नस दुखते कशाने ते पुढे दीडशे वर्षं नीट कळलंच नाही, कधी माकडहाडाजवळच्या सांध्यावर खापर तर कधी कुल्ल्यातल्या स्नायूवर, आणि ऑपरेशनमध्ये निघालेला, दोन मणक्यांमधल्या गादीचा (डिस्कचा) तुकडा चक्क गाठ समजला जायचा. 1934 मध्ये अमेरिकेतल्या दोघा सर्जननी दाखवलं की ती गाठ नाही, मणक्यांमधली गादीच फाटून नसेवर आलीय. त्यानंतर सगळं गादीवरच आलं. म्हाताऱ्यांत नसेची वाटच अरुंद होते (चालताना पाय भरून येतात, बसलं वाकलं की बरं वाटतं), हे 1954 च्या सुमारास ठळक झालं.

आता 'गॅप'. एक्स-रेत गादी दिसत नाही, दोन मणक्यांमधली मोकळी जागा तेवढी दिसते. गादी झिजली की ती जागा कमी होते. म्हणजे गॅप येत नाही हो, असलेला गॅप जातो! "गॅप कमी झालाय" मधला "कमी" कुठेतरी गळाला असणार असं मला वाटतं, आणि मग मणके सुटे झाले, पट्ट्याने आवळले की जुळतील असा समज झाला. पट्टा विकणाऱ्यांचं त्यात काय बिघडलं, आणि एक्स-रे उजेडाला धरून "हा बघा गॅप" म्हणणारेही आहेतच.

एमआरआय आल्यावर तर गुंता वाढलाच. 1994 मध्ये कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय छापून आले, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी गादी फुगलेली होती. म्हणून रिपोर्टमधला 'बल्ज' (म्हणजे हाच फुगवटा) आणि पायातली कळ एकाच बाजूची, एकाच नसेची आहे का ते जुळवावं लागतं, त्यासाठी उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलून कळ उठते का बघतात, दोन मिनिटांचं काम. आमच्या गल्लीत फाईल घेऊन फिरणाऱ्या निम्म्यांचा पाय कुणी उचलून बघितलेलाच नाही.