जुन्या मोटारी ताफ्यानेच का निघतात

थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे मुंबईतून जुन्या मोटारी एकामागोमाग पुण्याच्या वाटेला लागल्या की बघ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: किंमत किती आणि ॲव्हरेज किती? ही माणसं एकेकटी का जात नाहीत, हे मात्र कोणी विचारत नाही. हौस आहे, मिरवणंही आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण मोटारींनी मिळून लांबचा पल्ला गाठण्याची रीत मिरवण्यातून आलेली नाही. आधी ती कायद्याच्या जाचातून आली, मग रस्त्याच्या धास्तीतून.

इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या यंत्रवाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा होती. शिवाय गाडीच्या ६० यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत असे. कायदा केला होता वाफेच्या अवजड इंजिनांसाठी. १८७८ मध्ये निशाणाची सक्ती सैल झाली, पण पुढे चालणारा माणूस काही हटला नाही. तिकडे जर्मनीत, फ्रान्समध्ये पेट्रोलच्या हलक्या मोटारी धावू लागल्या, तरी इंग्लंडात त्यांनाही हाच न्याय. अखेर १८९६ मध्ये हलक्या वाहनांना यातून सूट मिळाली आणि ताशी १४ मैलांची मर्यादा ठरली (लगेच नियम करून ती १२ वर आणली, हे खास सरकारी). कायदा अमलात आला त्याच दिवशी, १४ नोव्हेंबरला, लंडनहून ब्रायटनच्या समुद्राकडे तीसेक मोटारी निघाल्या. निघण्यापूर्वीच्या न्याहारीत एका लॉर्डसाहेबांनी लाल निशाण टराटरा फाडलं. पुढे पाऊस, चिखल आणि वाटेत रुसून बसलेली यंत्रं. जेमतेम निम्म्या गाड्या पोचल्या. विजेवरची एक मोटार तर रेल्वेने नेली आणि ब्रायटनला उतरवून तिला चिखल फासला, अशी कुजबुज आजवर चालत आली आहे.

या सहलीचा कर्ताधर्ता हॅरी लॉसन. त्याने ‘मोटार कार क्लब’ काढला होता, पण माणूस यंत्रापेक्षा शेअरबाजारात रमणारा. पेटंटं विकत घेत सुटायचं आणि सगळा ब्रिटिश मोटारधंदा आपल्या मुठीत ठेवायचा, हा त्याचा बेत होता. १९०४ मध्ये फसवणुकीच्या खटल्यात त्याला सक्तमजुरी झाली. म्हणजे क्लबच्या सहलीत जाहिरातीचं पाणी पहिल्यापासूनच मुरलेलं आहे.

ती सहल पुन्हा सुरू झाली १९२७ मध्ये, एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने. १९३० पासून तिचं आयोजन रॉयल ऑटोमोबाईल क्लबकडे आलं आणि त्याच वर्षी ब्रायटनमध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांचा ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन झाला. आजही नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सूर्योदयाला हाइड पार्कमधून गाड्या सुटतात. १९०५ पूर्वीची गाडीच चालते, आणि सरासरी ताशी २० मैलांपेक्षा जोरात जायचं नाही, कारण ही शर्यत नव्हे. ‘विंटेज’ या शब्दाला नेमकी हद्द मिळाली ती नंतर, १९३४ मध्ये निघालेल्या दुसऱ्या एका क्लबामुळे: १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या. आपल्याकडे गोल दिवे आणि फुगीर मडगार्ड दिसले की गाडी विंटेज, असा सढळ हिशेब असतो.

आपल्याकडच्या ताफ्याचं कूळ मात्र थोडं निराळं. १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची ‘ट्रायल’ झाली. ट्रायल म्हणजे परीक्षा. धूळ, नदीनाले आणि घाट यांत यंत्र टिकतं का, हे गिऱ्हाइकाला दाखवायचं. गिऱ्हाईक बहुधा संस्थानिक, आणि त्याचा विश्वास कागदावर नसे. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक रोल्स-रॉईस मुंबई-कोल्हापूर ट्रायलमध्ये सुमारे ६२० मैल धावली, वाटेत सहा घाट. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज होते. गाडी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी विकत घेतली. रोल्सने हिंदुस्थानात पाय रोवले त्यात या घाटांचा मोठा वाटा आहे, आणि आपण त्याचं श्रेय सहसा फक्त महाराजांच्या शौकाला देतो.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० चा, गव्हर्नर माल्कमच्या काळातला. तो बैलगाड्यांसाठी आणि फौजेसाठी बांधलेला. या घाटाची वाट एका धनगराने साहेबाला दाखवली आणि बदल्यात जीव गमावला, अशी आख्यायिका आहे. त्या शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकून पुढे जाण्याची चालकांची चाल अजून मोडलेली नाही. जुन्या मोटारवाल्याला तर ते नाणं फारच मनापासून टाकावं लागतं. फोर्ड मॉडेल टी घ्या. तिला पाण्याचा पंपच नाही. तापलेलं पाणी वर चढतं, निवालेलं खाली उतरतं, एवढ्यावर इंजिन गार ठेवायचं. पेट्रोलही टाकीतून आपल्या वजनाने खाली येतं. मग टाकीत पेट्रोल कमी असताना खडा चढ लागला, की इंजिन टाकीच्या वर जातं आणि तहानेने बंद पडतं. उपाय एकच: गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचा. नंतरच्या गाड्यांत पंप आले, पण चढावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडायची आणि पंपाला ओलं फडकं गुंडाळून बसावं लागायचं. ब्रेक तारेचे किंवा सळ्यांचे, सेल्फ नसेल तर हँडल मारायचं, गिअर बदलताना डबल क्लच, म्हणजे दर वेळी क्लच दोनदा दाबायचा. अशा वेळी मागून येणाऱ्या गाडीत पाण्याचा डबा, दोरखंड आणि दोन धट्टेकट्टे हात असलेले बरे. आता तर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याने जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कचे गॅस्केट खराब होतात, म्हणून ते सुट्टे भागही कोणाच्या तरी डिकीत लागतात.

एवढ्या गाड्या उरल्या कशा, हाही या गोष्टीचाच भाग. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली आणि १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. वाड्यांच्या गॅरेजमध्ये कोंबड्यांनी अंडी घातलेल्या मोटारी मिळेल त्या भावात विकल्या गेल्या. परदेशी दलाल त्या जहाजात भरून नेत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ही निर्यात रोखली. हा निर्णय उशिरा आला, पण तो नसता तर आज ताफा काढायला गाड्याच उरल्या नसत्या. सगळ्याच काही हौशी लोकांच्या हाती गेल्या नाहीत. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार अजूनही शाही दसऱ्याला दसरा चौकात येते.

२०२१ मध्ये केंद्राने अशा वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रस्त्यावर ती आणायची ती रॅलीसाठी, प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला मनाई. इंग्लंडात १८९६ ला कायदा सुटला म्हणून ताफा निघाला. इथे ताफा निघणार असेल तरच कायदा गाडी सोडतो. त्यात ५० वर्षांच्या हिशेबात आता वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातली, कुर्ल्याला बनलेली फियाटही बसते. दादर-माटुंग्यात अशी फियाट सांभाळून असलेले काका अजून सापडतात. त्यांनी विंटेज नोंदणी करून घेतली, तर तिच्यातून क्लबाबरोबर खुशाल महाबळेश्वरला जावं; मंडईत भाजी आणायला मात्र रिक्षा बघावी लागेल.